काचेवरचं कुंकू

काटा उठेचना. मी तारेचा जोड पुन्हा दाबून पाहिला, मीटरच्या डब्ब्यावर टिचकी मारली, देवाचं नाव घेतलं, तरी काटा आपला शून्याले टेकून निजलेला. डोक्यावर भर दुपारचं ऊन, आभाळात एक ढग नाही, कडेवर माही पोरगी पिंकी रडून राहिली, मांडवात सारं गाव बसलेलं, अन् पुढच्या खुर्चीवर मुंबईचे मोठे साहेब घड्याळ पाहून राहिले.

"वच्छलाबाई, जोड सुटला का?" मधुभाऊनं माह्या कानाशी येऊन विचारलं. मधुभाऊ म्हणजे आमच्या सोलर पॅनल बनवायच्या शेडचे मालक. इंजिनिअर माणूस, पण भित्रेपणात माह्याच जातीचे.

"जोड पक्का आहे, भाऊ."

"मग?"

मी पॅनलकडे पाहिलं. त्यायनंही पाहिलं.

पॅनलवर कुंकू होतं. थोडंथोडकं नाही. ओल्या हळदीत कालवलेलं, चारही पॅनलवर मधोमध हाताच्या पंजाएवढं मोठं स्वस्तिक, त्याच्यावर अक्षता चिकटवलेल्या, अन् वरून झेंडूचे जाड जाड हार.

आता तुम्ही म्हणसान, कुंकवानं मशीन बंद पडते का? मलेही कोणी सांगितलं असतं तं मी हसली असती. पण मी त्या शेडमधी काम करत होती नं, मले माहीत होतं.

आमची शेड नागपुरात, हिंगण्याच्या रस्त्यावर. मी सातवीपर्यंत शिकली, आठवीत बसवलंच नाही घरच्यायनं. सासर विणकराचं, घरात दोन माग. पुढं मागावरच्या लुगड्याले कोणी पुसेना, घरचे मालक, म्हणजे पिंकीचे बाबा, कळमन्याकडं मिळन ते काम कराले जाऊ लागले, अन् मी ह्या शेडमधी लागली. मुलाखत म्हणजे काय, मधुभाऊनं एक केसावाणी बारीक तार हाती दिली अन् म्हटलं, हिले गाठ मारून दाखवा. विणकराच्या सुनेले तुटलेला धागा जोडाले काय लागते? मारली. दुसऱ्या दिवसापासून या म्हणे.

काम असं. बंगलोरकडून थर्मोकोलच्या डब्ब्यात सेल येत. सेल म्हणजे सिलिकॉनची निळीकाळी चकती. सिलिकॉन वाळूतूनच काढतात, पण इतकं शुद्ध करतात का त्याच्यापुढं आपलं गाळलेलं पाणी म्हणजे चिखल. चकती पापडावाणी पातळ अन् पापडाहून कडक. जरा बांगडी लागली का कडकन् तडकली. म्हणून आम्ही साऱ्या बाया बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्याच्यावर रुमाल बांधत होतो. आमच्यातली मंदा म्हणे, "ह्या चकतीचे नखरे माह्या नणंदेवाणी. बोलायचं हळू, हात लावायचा हळू, तरी फुगून बसते."

चकतीच्या तोंडावर चांदीच्या बारीक रेषा असतात. त्या रेषेवर कथील चढवलेली तांब्याची पट्टी डागायची, म्हणजे तापवून जोडायची, तिचं दुसरं टोक शेजारच्या सेलच्या पाठीले डागायचं. तोंड पाठीले, तोंड पाठीले, अशी माळ बनवायची. मंग त्या माळा काचेखाली मांडायच्या, वरखाली प्लास्टिकचा पातळ कागद, भट्टीत घालून आतली हवा ओढून घ्यायची, कागद वितळून सारं एकजीव होते, अन् भोवती अल्युमिनची चौकट. झालं पॅनल.

वीज कशी होते, हे मी मधुभाऊले तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यायनं जे सांगितलं ते मले समजलं, कारण त्यात खाटा होत्या. सेलमधी दोन थर. वरच्या थरात फॉस्फरसची चिमूट, खालच्यात बोरॉनची. फॉस्फरसच्या घरी इलेक्ट्रॉन जास्ती, म्हणजे माणसं लय अन् खाटा कमी. बोरॉनच्या घरी खाटा रिकाम्या. जिथं दोन घरं भेटतात तिथं एक दार तयार होते, एकाच बाजूनं उघडणारं. उजेड आत शिरला का तो निजलेल्या इलेक्ट्रॉनले गदागदा हलवून उठवते. उठलेला गडी दारातून वरच्या घरात ढकलला जाते, अन् दार त्याले परत येऊ देत नाही. आता त्याले आपल्या खाटेवर जायचं तं एकच रस्ता, बाहेरच्या तारेनं गावाले वळसा घालून जा. त्या वळशातच त्याच्याकडून काम करून घ्यायचं. बल्ब लाव, पंखा फिरव, अन् जा मंग निज बापा.

हे मी घरी सासूबाईले सांगितलं तं त्या म्हणे, "म्हणजे त्यायच्यातही सुनेलेच उठवतात अन् कामाले लावतात नं?"

एक गोष्ट नागपुरात कोणालेच पटत नसे. वीज उजेडाची होते, उन्हाच्या तापाची नाही. उलट सेल तापला का कमीच देते. आमच्याकडं मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पातळ होते, लोकायले वाटे आता पॅनल लयच वीज देत असन. अन् खरं पाहाल तं थंडीतल्या कोवळ्या, साफ दुपारी काटा जास्त उठे. मधुभाऊ गिऱ्हाइकायले हे समजावून समजावून दमले. गिऱ्हाईक म्हणे, "साहेब, नागपुरात राहून उन्हाची बदनामी करून राहिले का तुम्ही?"

सेलच्या जाती तीन पाहिल्या मी. पहिली गोल, एकसारख्या रंगाची, एकाच दाण्यापासून, म्हणजे स्फटिकापासून, वाढवलेल्या गोल ठोकळ्याच्या चकत्या कापतात म्हणून गोल. ती सगळ्यात जास्त वीज देते अन् भावही तिचाच जास्त. दुसरी चौकोनी, तिच्यात निळी निळी फुलं दिसतात, नव्या पत्र्याच्या बादलीवर दिसतात नं, तशीच. सिलिकॉन साच्यात ओतून थिजवलं का लय दाणे एकमेकात घुसून बसतात, त्यायच्या शिवणीत इलेक्ट्रॉन अडकतात, म्हणून वीज थोडी कमी. पण स्वस्त. मले तीच आवडे. तिच्यात एकासारखा दुसरा सेल नसे, लुगड्याचा काठ पाहावा तसं पाहत राहावं.

तिसरी जात गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेठनं दाखवली. ते एक दिवस शेडमधी आले अन् खिशातून गणिताची मशीन, म्हणजे कॅल्क्युलेटर, काढली. तिच्या कपाळावर तपकिरी काचेची पट्टी. म्हणे, "ह्याच्यात बॅटरीचा सेल घालावा लागत नाही, माहा माल मोजते हे दुकानातल्या उजेडावर. असंच मले मोठं बनवून द्या, दुकानातलेच दिवे दुकानातल्या उजेडावर चालले पाहिजेत."

मधुभाऊ हसू दाबत म्हणे, "शेठ, दिव्याच्या उजेडावर दिवा चालवायचा?"

"काहून नाही? मशीन चालून राहिली नं?"

मंग समजावून सांगितलं. त्या पट्टीत सिलिकॉनचा दाणा नसते, काचेवर धुरावाणी पातळ लेप असते. मंद उजेडातही टुकुटुकु चालते, पण वीज इतली थोडी का आकडे दाखवाले पुरते, पंखा हलवाले नाही. शेठ गेले नाराज होऊन, जाता जाता मले म्हणे, "बाई, तुम्ही बनवून पहा, साहेबाले जमत नाही वाटते."

तं आता कुंकवाकडं येऊ, पिंकी उठायच्या आत लिहून काढते.

एक सेल, मोठा असो का लहान, अर्धा व्होल्ट देते. त्याच्यावर देत नाही. म्हणून छत्तीस सेल माळेत जोडायचे, तेव्हा कुठं बॅटरी भरते. पण माळेची एक खोड आहे. आग लागली म्हणजे लोकं विहिरीपासून घरापर्यंत रांगेनं उभे राहून बादल्या पुढं पुढं देतात नं, तशी ती रांग. मधातला एक माणूस खाली बसला तं मागच्यायच्या बादल्या मागंच. एका सेलवर सावली पडली का पस्तीस सेल उन्हात असूनही मुकाट. वरून तो सावलीतला सेल तापते, कारण बाकीचे त्याच्यावर जोर करतात. अन् स्वस्तिक तं पार चार सेलवर पसरलेलं.

हे पॅनल होते उमरेडच्या पल्याडच्या एका गावच्या दवाखान्यासाठी. तिथं सिस्टर होत्या, लहान लेकरायच्या लसीचे डोस होते, पण ते थंड ठेवाले फ्रीज नव्हता, कारण लाईट कधी ये अन् कधी जाये. आता सूर्यावर चालणारा फ्रीज आला होता, त्याची बॅटरी अजून रिकामीच होती. मधुभाऊनं आदल्या दिवशी आम्हा साऱ्या बायायले समोर बसवून साफ सांगितलं होतं, "उद्या हा फ्रीज साहेबांसमोर चालला तर आजूबाजूच्या गावांचं काम आपलं. नाही चालला तर मला शेडला कुलूप लावावं लागेल." आमचा फिटर तापानं पडलेला, म्हणून डागणी घेऊन मी गेली. पिंकी अंगावर पिणारी, म्हणून पिंकी आली.

अन् आम्ही जोड करत होतो तेवढ्यात सरपंचाची माय पार्बताबाई, सारं गाव तिले मोठीमाय म्हणे, ताट घेऊन आली अन् तिनं चारही पॅनलची पूजा केली. एकाची करून तीन काहून उपाशी ठेवायचे, म्हणून चारहीची. मी तारा जोडून राहिली होती खाली मान घालून. मी मान वर करेपर्यंत झालं होतं. फोटोवाल्यानं फोटोही काढला. मुंबईचे साहेब "वा, फार सुंदर" म्हणाले.

आता साहेबायलेही समजलं होतं. मी पाहिलं, ते काट्याकडं पाहत, मंग कुंकवाकडं, मंग आपल्या बुटाकडं. आम्हा तिघायले माहीत होतं का काय झालं. पण हात कोणाचा उठावा? भर मांडवात, शुभ कामाच्या दिवशी, सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसायचं? पार्बताबाईचा मालक बाजूलेच बसलेला, फेटा बांधून. कुंकू पुसणं म्हणजे काय, हे त्या मांडवातल्या शेंबड्या पोरालेही माहीत.

मधुभाऊ कुजबुजले, "वच्छलाबाई, तुम्ही बाई आहात. तुम्ही पुसा."

"मी? काहून मी? मले मालक नाही का? तुम्ही पुसा!"

"मला मारतील हो."

"अन् मले ओवाळतीन?"

मी हार तेवढे उचलले अन् चौकटीले अडकवले. त्याचं कोणी वाईट मानलं नाही. काटा केसभर हलला, पुन्हा निजला. साहेब मोठ्यानं म्हणाले, "काय मधुकरराव, करायचं का सुरू?" मधुभाऊ उगाच तारा चाचपू लागले.

मले फक्त शेड दिसे, कुलूप लावलेली, अन् मंदा बाहेर उभी. पिंकीनं तेवढ्यात हात लांबवला अन् पॅनलवरचं कुंकू बोटानं घेतलं. लेकरू नं ते, लाल दिसलं का ओढलं. अन् ते बोट तिनं माह्या गालाले पुसलं. मांडवातल्या बाया हसल्या. पार्बताबाईही हसली. म्हणे, "घे वं माय, देवाचं कुंकू पोरीनंच लावलं तुले!"

अन् माह्या तोंडातून निघून गेलं, मी इचार केला नव्हता, खरंच सांगते, "हाव मोठीमाय, हा सूर्याचा प्रसाद आहे. ह्याचं कुंकू साऱ्या सवाष्णींनी घ्यायचं असते. काचेवर राहू द्यायचं नसते."

पार्बताबाईनं क्षणभर माह्याकडं पाहिलं. मले वाटलं, संपली मी. मंग ती वळून ओरडली, "ऐकलं का वं? या साऱ्या! लायनीनं या! धक्काबुक्की करू नका!"

माय वं! पन्नासेक बाया असतीन. एकेक ये, काचेवरून बोटानं कुंकू उचले, कपाळाले लावे, एक बोट गळ्याच्या पोतीले लावे, पुढं जाये. एक म्हातारी अक्षताही वेचून घेऊन गेली. मी डब्ब्यापाशी उभी राहून काट्याकडं पाहून राहिली. काटा थोडा उठला. थांबला. आणखी उठला. एक नवी नवरी आली, लाजून इवलंसं घेतलं, मधुभाऊ तिले म्हणतात कसे, "ताई, संकोच करू नका, भरपूर घ्या, भरपूर!" शेवटी पार्बताबाईनंच आपला पदर ओला करून उरलेली हळद निपटली अन् तो पदर डोळ्याले लावला. अन् काटा असा सरळ उभा राहिला, शाळेत साहेब आल्यावर पोट्टे उभे राहतात नं, तसा.

फ्रीज घुर्र करून सुरू झाला. मधुभाऊनं टाळ्या वाजवल्या, साऱ्या गावानं वाजवल्या. साहेबायनं माह्याजवळ येऊन हळूच म्हटलं, "बाई, हे आमच्या पुस्तकात नव्हतं."

शेडले काम मिळालं. मंदाची नणंदही लागली आमच्यात, अन् आता मंदा सेलले नखरेल म्हणत नाही, नणंद ऐकते म्हणून. मी घरी पेढे नेले. सासूबाई म्हणे, "देवाच्या नावानं खोटं बोलली अन् पेढे खाऊन राहिली," अन् दोन पेढे उचलले.

गोष्ट इथंच थांबली असती तं बरं झालं असतं.

काही महिन्यानं मधुभाऊ तोंड पाडून आले. "वच्छलाबाई, तुमच्या गावची बॅटरी भरत नाही." माह्यं गाव कधीपासून झालं ते? मी पुन्हा गेली, पिंकी आता लुटुलुटु चालून राहिली होती. शुक्रवार होता. पाहते तं काय, दवाखान्यासमोर बायायची ही लाईन! दर शुक्रवारी सकाळीच पार्बताबाई आंघोळ करून येते, चारही पॅनलवर कुंकू लावते, अन् दूरदूरच्या वाड्यावस्तीवरून बाया प्रसाद घ्याले येतात. शेवटची बाई येईपर्यंत कुंकू काचेवरच. दुपारचं सारं चांगलं ऊन वाया, अन् हळदीचा डाग पुढं हप्ताभर काचेवरच. कोणाच्या घरी काही सण असला का मंगळवारीही.

मी पार्बताबाईले बाजूले घेतलं, लय गोड आवाजात म्हटलं, "मोठीमाय, कुंकू चौकटीले लावत जा नं, काचेले नको."

ती म्हणे, "काहून वं? देवाचं कपाळ सोडून कानाले कुंकू लावते का कोणी?"

मंग मी ठरवलं का आता खरं सांगून टाकायचं. सावलीचं, माळेचं, बादल्यायचं, सारं. तोंड उघडणार तोच सिस्टरनं मले हात धरून आत ओढलं. आत बाकड्यावर लेकरं रडून राहिली, एकेकाच्या दंडाले कापूस. सिस्टर म्हणाल्या, "दारोदार फिरले मी, कोणी पोर घेऊन येत नव्हतं. सुईला घाबरायच्या. आता कुंकवाला येतात अन् पोर काखेत असतंच. मी तिथंच पकडते. तुम्ही तोंड उघडू नका, ताई."

"पण सिस्टर, बॅटरी गेली तं फ्रीज बंद, फ्रीज बंद तं डोस खराब. मंग ह्या लेकरायले टोचसान काय? अन् नाव आमच्या शेडचं जाईन!"

"आणि त्यांना सांगितलंत अन् त्या यायच्या बंद झाल्या, तर?"

मी बाहेर आली. डब्ब्यापाशी मधुभाऊ उभे होते, पडलेल्या काट्याकडं बोट दाखवून मले खुणावून राहिले, सांगा, सांगा. दारात सिस्टर उभ्या होत्या, मान हलवून राहिल्या, नको, नको. लाईनमधल्या साऱ्या बाया माह्याकडं पाहून राहिल्या, काखेत लेकरं. अन् पार्बताबाई ताट घेऊन माह्यासमोर, हसून म्हणे, "ये वं पोरी, तूच शिकवलं नं आम्हाले. आज पहिलं कुंकू तुह्या हातचं. लाव."

माह्यं बोट कुंकवात बुडवलेलं, काच समोर तापलेली, पिंकी पदराले लटकलेली. बायांनो, सांगा नं, तुम्ही माह्या जागी असत्या तं काय केलं असतं?